एक्कावन्न ठिपक्यांचा पाडवा

माझं शिक्षण दुसरीपर्यंत, आणि त्यातलीही अर्धी दुसरी गुरांमागे गेली. तेव्हा इथे काना-मात्रा चुकली तर नात दुरुस्त करील. पण ज्यांच्याविषयी सांगते त्या परशुराम दुदवडकरांबद्दल माझं काही चुकायचं नाही. भिंतीला भिंत लागून एकवीस वर्षं शेजार केलाय मी त्यांचा. एवढ्या काळात माणसाची नव्हे, भिंतीचीसुद्धा ओळख पटते. भिंतीचं पुढे येईलच.

डोंबिवलीत पूर्वेला, ठाकुर्लीच्या अंगाला आमची बिल्डिंग. दुसऱ्या मजल्यावर तीन बिऱ्हाडं आणि पुढे एकच लांब गॅलरी. जिन्याजवळचं घर माझं, मधलं दुदवडकरांचं, तिसऱ्याला बाराही महिने कुलूप. परशुरामना सगळे भाऊ म्हणायचे. मीही म्हणायची. असा भाऊ देवाने मला नेमका शेजारीच दिला, पाठचा दिला नाही, ही त्याची कृपा.

भाऊ कोलशेतच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. म्हणजे काय, तर साहेबाने काढलेलं यंत्राचं चित्र पातळ कागदावर जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. चोवीस वर्षं दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढली, पण बोलणं असं की यंत्राला जन्म यांनीच दिलाय आणि साहेब नुसता बारशाला आलेला. पंच्याऐंशी साली कारखान्याने त्यांना स्वेच्छेने घरी बसवलं. इच्छा कोणाची होती, ते कारखान्यालाच ठाऊक. एक मोठी पट्टी, काटकोन बघायचा एक गुण्या, पेन्सिलींचा डबा आणि दुसऱ्याची चूक दाखवायची सवय, एवढं घेऊन भाऊ घरी आले. पहिल्या तीन वस्तू कपाटात गेल्या. चौथी मावेल एवढं कपाट त्यांच्या बायकोकडे, कलावतीकडे, नव्हतं.

पहिला महिना त्यांनी चपात्यांवर काढला. "कलावती, हिचा मध्य सरकलाय." कलावतीने एक दिवस पोळपाट-लाटणं त्यांच्यापुढे ठेवलं आणि माझ्याकडे येऊन बसली. तासाभराने भाऊंची एक चपाती झाली. गोल होती, अगदी बांगडीसारखी गोल. कडकही बांगडीसारखीच.

मग त्याच वर्षी दिवाळी आली आणि भाऊंना रांगोळी दिसली.

आम्ही बायका ठिपक्यांसाठी काय करतो? जुन्या वर्तमानपत्राची घडी घालायची, पेटत्या उदबत्तीने भोकं पाडायची, कागद गेरूवर अंथरायचा नि वरून रांगोळी फिरवायची. कागद अलगद उचलला की खाली ठिपके हजर. त्यात एखादं भोक मोठं, एखादं बारीक. रेघ ओढली की कोणाला कळतंय? भाऊंना कळलं. त्यांनी माझा कागद उचलला, डोळ्याला लावला आणि भोकातून माझ्याकडेच बघत म्हणाले, "आवडाबाई, हे भोक मुगाएवढं, हे वाटाण्याएवढं. कारखान्यात असं चाललं असतं का?"

मी म्हटलं, "भाऊ, कारखान्यात चाललं नाही म्हणूनच तुम्ही इथे उभे आहात ना?"

कलावती पदर तोंडाला लावून आत पळाली. भाऊ हसले नाहीत. त्यांनी जस्ताचा पत्रा आणला, इंचाइंचावर खुणा केल्या आणि आठ दिवस ठोकठोक करून भोकं पाडली. तेव्हापासून दुदवडकरांच्या दारातली रांगोळी भाऊंकडे गेली. बायकोला सुटल्यासारखं वाटलं असेल म्हणता? छे. ती रांगोळी भाऊ काढायचे, पण गेरू कालवून द्यायचा कलावतीने, रंग चाळून द्यायचे कलावतीने, गुडघ्याखाली उशी सरकवायची कलावतीने, आणि मुंगी आली तर जबाबदारीही कलावतीचीच.

खरं ते सांगायला हवं, हात सुरेख होता. चिमटीतून रेघ सुटायची ती शेवयासारखी, कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही. पण माणूस आपल्या दारात समाधानी असेल तर शपथ. सकाळी फूटपट्टी घेऊन सगळी बिल्डिंग तपासायला निघायचे. तळमजल्यावरच्या हौसाबाईंच्या कमळाची एक पाकळी पाव इंच मोठी निघाली. हौसाबाई मालवणच्या. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तळ्यातलं मोजून आलात का हो आधी? ते पास झालं का?" भाऊंनी तेही मनावर घेतलं असावं. पुढचे दोन दिवस फूटपट्टी बाहेर निघाली नाही.

आता हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण भाऊंना एक मुलगी होती. शीला. सव्वीस वर्षांची, एका डॉक्टरकडे केसपेपर लिहायला जायची. दिसायला चांगली, कामाला चांगली, आणि लग्न जमेना. जमणार कसं? पहिलं स्थळ आलं ते भिवंडीचं. मुलाच्या बापाने पत्रिका पुढे केली. भाऊंनी ती उलटसुलट फिरवली आणि म्हणाले, "ह्यातले चौकोन काटकोनात नाहीत." ते लोक ग्रह जुळवायला आलेले, हे कोन जुळवत बसले. दुसरा मुलगा चांगला टाय लावून आला होता. भाऊ चहा होईपर्यंत त्याच्या टायकडे बघत राहिले आणि शेवटी उठून गाठ सरळ करायला गेले. तो मुलगा खुर्चीसकट मागे सरकला. परत दिसला नाही.

तिसरं स्थळ टिटवाळ्याचं, शेलारांचं. मुलगा सहदेव, शाळेत मास्तर. पाहण्याच्या दिवशी भाऊ तापाने आत निजलेले, मुलाशी नि त्याच्या आईवडिलांशी कलावतीच बोलली, हे शीलाचं नशीब. ती दोघं गॅलरीत पंधरा मिनिटं बोलली. संध्याकाळी शीला माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली.

"मावशी, मला हा आवडलाय."

"मग घोडं कुठे अडलंय?"

"दिवाळीच्या पाडव्याला दहा वाजता त्याचे आईवडील यायचेत, शेवटचं काय ते सांगायला. तेवढा एक दिवस बाबांना गप्प बसव. हे मोडलं ना, मावशी, तर पुन्हा कोणापुढे पोह्यांची बशी धरणार नाही मी."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी एवढी घाबरले नसते.

भाऊंना गप्प बसवायचा उपाय मीच काढला. कलावतीला म्हटलं, त्या दिवशी त्यांना रांगोळीला जुंपून ठेव. तोंड बंद राहील. आता आठवलं की माझ्याच तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

कलावती म्हणाली, "पाच ठिपक्यांचं काहीतरी घाला नि मोकळे व्हा."

"व्याही दारात येणार आणि पाच ठिपके?" भाऊ म्हणाले. "एक्कावन्न. मधली ओळ एक्कावन्नची, दोन्हीकडे उतरत सव्वीसपर्यंत."

म्हणजे अर्धी गॅलरी. माझ्याकडे येऊन म्हणाले, "आवडाबाई, यंदा तुमच्या दारात काही घालू नका. माझं टोक तुमच्या उंबऱ्यापर्यंत येतंय." मी बरं म्हटलं. शीलासाठी म्हटलं. त्यामुळे पाडव्याच्या दिवशी आमच्या मजल्यावर कुलपाचं एक दार आणि बिनरांगोळीची दोन.

साल सत्त्याऐंशी. पाडव्याला उजाडताच भाऊ बसले. त्या दिवशी बायको नवऱ्याला तेल लावून न्हाऊ घालते, ओवाळते. कलावतीने तेल कोमट करून ठेवलं होतं. भाऊ म्हणाले, "आधी ठिपके." दोन दिवसांची दाढी वाढलेली, उघडं अंग, कमरेला पंचा. आठ वाजेपर्यंत ठिपके उमटले. दीड हजाराच्या वर ठिपके, मोजून थकावं. मग भाऊ उठून मागे झाले, मान तिरकी केली आणि मटकन खाली बसले.

"वाकडं आलंय."

"काय वाकडं?" मी माझ्या दारातून विचारलं.

"उंबऱ्याशी बघा. दोन बोटं कलतंय."

गुण्या आणला, कोपऱ्यात लावला. रांगोळी सरळ होती. भिंत वाकडी होती. आता डोंबिवलीत काटकोनात असलेली एक भिंत मला दाखवा, मी तिची ओटी भरीन. बिल्डरने बांधली, आम्ही राहिलो, एवढाच आमचा नि भिंतीचा संबंध. पण भाऊंना चोरी पकडल्यासारखं झालं. सगळं पुसलं. दुसऱ्यांदा भिंत धरून ठिपके घातले, तर ते कठड्याला वाकडे. पुन्हा पुसलं. मग म्हणाले, ओळंबा लावून खरा मध्य काढतो. दाराच्या चौकटीला ओळंबा टांगायचा म्हणून झेंडूचं तोरण काढलं. दोरीवर सावली पडते म्हणून आकाशकंदील उतरवला. गेरू पुन्हा सारवला, ओला.

कलावती माझ्याकडे झारा मागायला आलेली, ती तिथेच अडकली. परत जाऊ लागली तर भाऊ ओरडले, "पाय देऊ नको, ओलं आहे!" शीला घरात अडकली. मग कलावतीने करंज्या माझ्याच गॅसवर तळायला घेतल्या. पोरगी आत नवी साडी नेसून बसली होती आणि घड्याळाकडे बघून आता खरोखर रडत होती.

बरोबर दहाला जिन्यात पावलं वाजली. टिटवाळ्याचे दामाजी शेलार आणि त्यांच्या मिसेस केशरबाई. मी खिडकीतून बघत होते. वर आल्या आल्या केशरबाई थबकल्या. डोक्यावरून पदर घेतला. नवऱ्याला कोपर मारलं, तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मला वाटलं, काय शालीन माणसं!

भाऊंच्या दातांत दोरी. डोळ्यांत रांगोळीची पूड जाऊन लाल पाणी. त्यांनी नुसतेच हात जोडले. शेलारांनीही जोडले. शीला आतून उंबऱ्याशी आली, डोळे सुजलेले. केशरबाई गॅलरीतूनच हळू म्हणाल्या, "घट्ट हो, बाळ." शीलाने मान हलवली. मी "या ना, इकडे बसा" म्हणायला दारात आले, तर बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, असं बघितलं, की माझ्या हातातलं पाण्याचं तांब्याभांडं पुढे होईना. आणि दोघं मुकाट्याने जिना उतरून गेली. 'येतो' म्हटलं नाही. पाण्याला शिवली नाहीत.

भाऊ दोरी काढून म्हणाले, "समजूतदार आहेत. थांबायला तयार झाले."

मी मात्र तांब्या हातात घेऊन तशीच उभी. पाणी न घेता, 'येतो' न म्हणता माणसं कोणत्या घरातून निघतात? मग मी गॅलरीकडे त्यांच्या डोळ्यांनी बघितलं. पाडव्याचा दिवस. दारात रांगोळी नाही, तोरण नाही, कंदील उतरवलेला. शेजाऱ्यांनीही काही घातलेलं नाही. बापाची दाढी वाढलेली, अंगावर पंचा, डोळे लाल. पोरीचे डोळे सुजलेले. आणि पोरीची आई कुठे दिसत नाही.

मी आत गेले. कलावती करंजी उलटत होती.

"कलावती, गॅस बंद कर. तू मेलीस."

"काय?"

"तुझं सुतक झालं, बाई. व्याही भेटून गेले."

तेव्हा फोन कोणाकडे होते, की निरोप पाठवावा? आम्ही दोघी तशाच धावलो. कलावती पुढे, हातात झारा, अंगावर हिरवी नवी साडी, हातभर चुडा. मी मागे. माझ्या पायात एक चप्पल माझी, एक आमच्या ह्यांची.

टिटवाळ्याच्या गाडीला वेळ होता, म्हणून सापडले. कोपऱ्यावरच्या म्युनिसिपालटीच्या नळाखाली दामाजी नव्या सदऱ्यासकट डोकं धरून वाकलेले. सुतकाच्या घरून आले, आता स्टेशनात कोणाला विटाळ नको म्हणून केशरबाई त्यांच्या डोक्यावर ओंजळीने पाणी घालत होत्या. कलावती लांबूनच ओरडली, "थांबा! अहो, थांबा!"

केशरबाईंनी वर बघितलं. आणि जी किंकाळी मारली! शेजारचा पानवाला स्टुलावरून उतरला.

"अहो! अहो, ती आली! हिरवी साडी नेसून आली!"

"मी कलावती! शीलाची आई!"

"तुम्ही... गेलात ना?"

"कुठे जाणार? शेजारी करंज्या तळत होते!"

केशरबाईंनी आधी तिच्या पावलांकडे बघितलं. पावलं पुढेच होती. मग त्यांना राग आला, आणि तो पहिल्यांदा माझ्यावर. "म्हणजे त्या तळणाऱ्या बाई तुम्ही! मी म्हटलं शेजारी मयत झालीय आणि ही मेली करंज्या तळतेय, काय काळजाची बाई आहे! म्हणून तुमच्या पाण्याकडे बघितलंही नाही मी."

मी सगळं सांगितलं. ठिपके, पत्रा, ओळंबा, सगळं. दामाजी डोकं पुसता पुसता खांदे हलवायला लागले. हसत होते. पण केशरबाई हसल्या नाहीत.

"हसायचं काय त्यात? पाडव्याच्या दिवशी आम्हाला सुतकाची आंघोळ घडली. जमायच्या आधीच मरण मनात आलं. हा शकुन चांगला नाही. राहू द्या आता. पुढचं पुढे बघू."

'पुढचं पुढे' म्हणजे काय ते मुलीच्या घरच्यांना बरोबर कळतं. कलावतीच्या हातातला झारा खाली आला. मला शीला दिसायला लागली, माझ्या ओट्याशी उभी, बशी न धरणारी.

मी म्हटलं, "विहीणबाई, जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. आमच्या कोकणात तर असंच म्हणतात. तुम्ही हिला दहा वर्षं देऊन चाललात. असा मोठा अहेर आजवर कोणत्या व्याह्यांनी केला नाही. आणि अहेर करून कोणी न जेवता जातं का?"

"आमच्याकडेही म्हणतात तसं," दामाजी म्हणाले.

"तुम्हाला कोणी विचारलंय?" केशरबाई म्हणाल्या. पण आवाज उतरला होता. कलावतीकडे त्यांनी पुन्हा एकदा आपादमस्तक बघितलं. मग म्हणाल्या, "येते. पण एक सांगते. दारात रांगोळी असेल तर उंबरा ओलांडीन. नाहीतर तिथूनच माघारी."

आम्ही चौघं वर आलो तेव्हा भाऊ दोरीला गाठ मारत होते. कलावतीला बघून म्हणाले, "बरं झालं आलीस. मध्य सापडला. आता दोनच तास."

"दोन तास?" केशरबाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबल्या. पाय पुढे टाकेनात.

"ठिपके एक तास, रेघा एक तास," भाऊ समजावून सांगू लागले. "घाई केली तर—"

तेवढ्यात शीला बाहेर आली. ओल्या गेरूवरून, नवी साडी जरा उचलून, सरळ. तिचे तळवे लाल झाले आणि जमिनीवर चार पावलं उमटली. भाऊ "अगं, अगं" करत राहिले. तिने ओळंब्याची दोरी ओढून काढली, गुंडाळली आणि बापाच्या हातात दिली.

"बाबा, माणसं उभी आहेत."

"पण भिंत वाकडी आहे, शीला!"

"सव्वीस वर्षं राहतेय मी तिच्याआड. मला माहीत आहे."

माझ्याकडून तिने रांगोळीचा डबा घेतला. कागद नाही, पत्रा नाही. उंबऱ्याला लागून खाली बसली आणि चिमटीने टिचकी मारल्यासारखे ठिपके टाकत गेली. सात, मग सहा, पाच, चार. खाली तसेच. उंबरा जसा कलला होता तशीच ओळ कलती धरली, त्यामुळे गंमत बघा, डोळ्याला सगळं सरळ दिसायला लागलं. सहा पाकळ्यांचं फूल, मध्ये वेटोळं. करंजीचा घाणा व्हायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. मग हळदीकुंकवाची चिमूट वाहिली आणि उठली.

भाऊंनी पंच्यातून फूटपट्टी काढली. देवाशपथ काढली! वाकले, आणि म्हणाले, "वरची पाकळी—"

"दुदवडकर," दामाजी म्हणाले. त्यांच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. "रांगोळी झाली. आता तुम्ही दाढी करून या."

कारखान्यात साहेब बोलले की भाऊ जसे मान खाली घालून वळत असतील, तसे वळले. पट्टी घेऊन बाथरूममध्ये गेले.

केशरबाई पुढे आल्या. रांगोळीकडे बघितलं, शीलाच्या लाल पावलांकडे बघितलं. म्हणाल्या, "सहदेव सांगत होता पोरगी अबोल आहे. अबोल कसली! बापाला एका वाक्यात उठवलं हिने. आमच्याकडेही हे एक आहेत उठवायला." आणि उंबरा ओलांडून आत गेल्या.

कलावतीने झारा माझ्या हातात कोंबला आणि साखर आणायला माझ्याच घराकडे धावली. आपल्या घरात साखर कुठे असते तेही विसरली होती. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला. टिटवाळ्याला, देवळाजवळच्या कार्यालयात लग्न. द्यायचं-घ्यायचं काही नाही, असं केशरबाईंनी आधीच सांगितलं.

बाथरूममधून भाऊंचा आवाज आला, "कार्यालयाची फरशी सपाट आहे का?"

केशरबाईंनी खुर्ची दाराकडे वळवली आणि मोठ्याने म्हणाल्या, "व्याही, आमचं मागणं एवढंच. अक्षता पडेपर्यंत तुम्ही फरशीकडे बघायचं नाही."

"कबूल!" कलावती म्हणाली. शीला म्हणाली. मीही म्हटलं, माझं कोणी विचारलं नव्हतं तरी.

"पण माझं ऐकून तरी—" म्हणत भाऊ एका गालावर साबण घेऊन बाहेर आले, तोवर तारीख ठरली होती आणि माझ्या घरची साखर संपली होती.